पांढऱ्या शाईचा नखरा

सबमिशनच्या आठवड्यातच हॉस्टेलजवळच्या झेरॉक्सवाल्याचा प्रिंटर बंद पडतो, हा न्यूटनचा चौथा नियम. (पहिले तीन ओरलला आठवत नाहीत, हा पाचवा.) त्यामुळे प्रिंटर म्हटलं की मंडळी, तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे. कार्ट्रिज काढायचं, दोनदा झटकायचं, कागदावर पुसायचं आणि देवाचं नाव घेऊन परत बसवायचं. मी ज्या प्रिंटरबद्दल लिहितोय तो झटकता येत नाही. त्याचं टेबलच आठ फूट बाय चार फूट आहे आणि वजन टनभर. त्यावर कागद नाही, अॅक्रिलिक, काच, टाइल, पत्रा असलं काहीही आडवं ठेवायचं आणि थेट छापायचं. यूव्ही फ्लॅटबेड म्हणतात त्याला.

दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत आमची सगळी गँग चाकण-तळेगावच्या मोठमोठ्या कंपन्यांत ट्रेनिंगला गेली. मी गेलो मामाकडे, मुठ्याला. मुठा ही नदी आहे हे सगळ्यांनाच माहीत. लकडी पुलावरून जाताना तिचा वासही येतो. पण मुठा नावाचं गावही आहे, मुळशी तालुक्यात, हे पुण्यात जन्म काढलेल्यांनाही सांगावं लागतं. पिरंगुटहून लवासाकडे जाणारा रस्ता या खोऱ्यात येतो. वरच्या अंगाला टेमघर धरण, खाली खडकवासला, मधे भाताची खाचरं. पाऊस असा की जूनमध्ये वाळत घातलेली जीन्स गणपतीत वाळते.

तिथे रस्त्याकडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये हे मशीन होतं. शहरातलं भाडं परवडेना म्हणून मालकांनी इकडे आणलेलं. मामाची ओळख, म्हणून मला दीड महिना ठेवून घेतलं. मशीन चालवायचे काका. दहावी पास, आधी पुण्यात वीस वर्षं स्क्रीन प्रिंटिंग केलेलं. मला पहिल्या दिवसापासून ते 'इंजिनिअर' म्हणायला लागले, आणि त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

थोडं तांत्रिक सांगतो, इलाज नाही. साधी शाई वाळते म्हणजे तिच्यातलं पाणी किंवा सॉल्व्हंट उडून जातं. यूव्ही शाई उडून जातच नाही. अतिनील प्रकाश पडला की तिच्यातले मोनोमर एकमेकांचे हात धरतात आणि बघता बघता प्लॅस्टिक तयार होतं. प्रकाश नाही तर ती महिनोन्‌महिने पातळच राहते. म्हणून 'शाई नोझलमध्ये वाळली' हे वाक्य इथे बहुतेक वेळा खोटं असतं. अपवाद म्हणजे आरसा किंवा चकचकीत स्टील. त्यावर छापताना दिव्याचा प्रकाश उलटून हेडच्या तळाला लागला, तर शाई तिथेच दगड होते.

आमच्याकडे काम आलं होतं कंट्रोल पॅनेलच्या अॅक्रिलिक प्लेटांचं, सहाशे नग. पारदर्शक अॅक्रिलिकवर मागच्या बाजूने उलटं छापतात. आधी अक्षरं आणि रंग, मग त्यावर सगळीकडे पांढरा थर. हा पांढरा थर नीट नसेल तर मागे दिवा लागल्यावर प्लेट झेब्र्यासारखी दिसते. आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नेमकं तेच व्हायला लागलं. पहिली प्लेट झकास. दुसरीच्या अर्ध्यावर पांढरा विरळ. तिसरी उजेडात धरली की आरपार पट्टे.

पंधरा तारखेला माल द्यायचा होता. मशीन विकणाऱ्याच्या माणसाने फोनवरूनच निदान केलं : हेड गेलं. नवीन हेड म्हणजे सव्वा लाखाच्या घरातली गोष्ट. मालकांनी दोन दिवस डोक्याला हात लावला आणि तिसऱ्या दिवशी त्यांना कारण सापडलं. शीटचा कोपरा वर आला असणार, हेड घासलं असणार, आणि काकांचं लक्ष नसणार. "काय काका, निम्मे तुमच्या पगारातून वळते केले तर चालतील ना?" असं ते हसत म्हणाले. शेडमध्ये दुसरं कुणी हसलं नाही. काकांची मुलगी त्याच वर्षी पॉलिटेक्निकला लागली होती, तिची फी भरायची होती. काका काही बोलले नाहीत. ग्लोव्हज घातले आणि हेड पुसायला लागले.

दुपारी जेवताना त्यांनी मला एक फाइल दाखवली. रोज सकाळी मशीन एक पट्टी छापतं, तिला नोझल चेक म्हणतात. प्रत्येक नोझलची एक बारीक रेघ. काकांनी दीड महिन्याच्या पट्ट्या तारीख-वेळ घालून लावून ठेवल्या होत्या. आपली जर्नलं इतकी व्यवस्थित असती तर सरांनी पेढे वाटले असते! सगळ्या पट्ट्यांत पांढऱ्याच्या रेघा जवळजवळ पूर्ण हजर होत्या. अगदी बिघाडाच्या दिवसांतल्या सकाळीसुद्धा.

काका म्हणाले, "एकच रेघ रोज त्याच जागी गायब असेल तर ती नोझल तुंबली नाहीतर मेली. गायब रेघ आज इथं, उद्या तिथं पळत असेल तर आत हवा शिरली. आणि सकाळी सगळ्या हजर, चार प्लेटा भरून छापल्या की गळाल्या, दहा मिनिटं थांबलं की परत हजर, याला काय म्हणायचं? मेलेला माणूस दहा मिनिटं आराम करून उठतो का रे इंजिनिअर?"

ही उपासमार होती. हेड मागतंय तितकी शाई त्याला मिळत नव्हती. बारीक अक्षरांना थोडी लागते, ती पुरते. भरीव पांढऱ्या थराला भरपूर लागते, तिथे तोंडचं पाणी पळतं.

मालकांनाही हे थोडं पटलं, पण त्यांचा उपाय वेगळा होता. "व्हॅक्यूम कमी करा, येईल जास्त शाई." केलं. हेडमधून थेंब गळायला लागले, एक शीट बरबाद, आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे. हे का झालं त्याचं उत्तर आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्याच युनिटमध्ये आहे, जे आपण सगळे ऑप्शनला टाकतो. नोझल खाली तोंड करून उघडीच असते, तिला झाकण नाही. शाई खाली पडत नाही कारण वरच्या छोट्या टाकीत हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो, आणि नोझलच्या तोंडाशी शाईचा आतल्या बाजूला वळलेला पडदा धरून राहतो. हा पडदा किती ताण सोसतो? दुप्पट पृष्ठताण भागिले त्रिज्या. शाईचा पृष्ठताण २५ मिलिन्यूटन प्रति मीटर आणि नोझलची त्रिज्या १५ मायक्रॉन धरली तर उत्तर येतं साधारण ३३०० पास्कल. नोझलपाशी याहून जास्त ओढ लागली की पडदा फाटून हवा आत. ओढच उरली नाही तर शाई खाली. त्यात टाकी हेडपेक्षा वर असेल तर दर १० सेंटिमीटरला शाईचं वजन सुमारे १००० पास्कल उलट दिशेने ढकलत असतं. म्हणून गेजवरचा आकडा एका मशीनचा दुसऱ्याला लावता येत नाही. मी हे सगळं वहीच्या मागच्या पानावर मांडलं तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, "म्हणजे ते बटण उगाच फिरवायचं नाही, बरोबर?" बरोबर. याच वाक्यासाठी आपण पंधरा मार्कांचं डेरिव्हेशन लिहितो.

व्हॅक्यूम ठीक, नोझल ठीक, छोट्या टाकीतली पातळी ठीक. म्हणून मशीनही तक्रार करत नव्हतं. त्याचा सेन्सर टाकीत आहे आणि टाकी भरलेली आहे. मग अडतंय कुठे? टेमघरच्या खाली राहणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. २०१६ साली धरणाच्या भिंतीतून पाणी यायला लागलं तेव्हा मामा म्हणायचा, पाणी दिसतं एका जागी आणि वाट काढतं भलतीकडून. तिथे नको तिथून वाहत होतं, इथे हवं तिथून वाहत नव्हतं, पण शोधायची पद्धत तीच. एकेक तुकडा वेगळा काढून बघायचा.

मी मामीचा केकसाठीचा डिजिटल काटा आणला. (प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. मामीला अजून माहीत नाही, हा अंक तिच्या हाती लागू नये.) पर्ज करायचं, म्हणजे टाकीवर थोडा दाब देऊन हेडमधून शाई सोडायची, पाच सेकंद मोजून, कागदी कपात. काळी ११ ग्रॅम आली. पांढरी ३ ग्रॅम. पांढरी जरा दाट असते हे मान्य, पण इतका फरक पडत नाही. आता दोन शक्यता : अडथळा हेडच्या आत किंवा हेडच्या आधी. काकांनी नळी हेडपासून सोडवली आणि तिचं तोंड थेट कपात धरलं. हेडच मधून गेल्यावर धार सुटायला हवी होती. आली जेमतेम ४ ग्रॅम. काकांनी तो कप माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. हेड निर्दोष होतं. तेही.

टाकी आणि हेडच्या मधे एक फिल्टर असतो, नाण्यापेक्षा थोडा मोठा, काही शे रुपयांचा. तो काढून आम्ही हॅकसॉने कापला. आत ओल्या खडूसारखा पांढरा थर बसला होता.

हा थर आला कुठून? पांढऱ्या शाईतला रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याची घनता पाण्याच्या चौपटीहून जास्त, शाईची पाण्याच्या आसपास. स्टोक्सच्या नियमाने काढलं तर ०.३ मायक्रॉनचा सुटा कण दिवसाला अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली जातो. ऐकायला काहीच नाही. पण नळीच मुळी तीन मिलिमीटरची, आणि कण एकमेकांना चिकटून गोळा दुप्पट झाला की वेग चौपट. म्हणूनच पांढऱ्याच्या टाकीला ढवळणी आणि फिरवणारा छोटा पंप असतो, जो दिवसरात्र चालू ठेवायचा असतो. बाकीच्या रंगांना हे लाड नाहीत. पांढरी झोपली की बसली.

आणि जूनपासून ती रोज रात्री झोपत होती. मुठ्यात पावसाळ्यात विजा कडाडतात, लाइट येते-जाते, बोर्ड जळायची भीती. म्हणून संध्याकाळी सातला मेन स्विच बंद करून जायचं, अशी मालकांची सक्त ताकीद होती. रविवारी तर अख्खा दिवस. काकांच्या फाइलमध्ये प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं होतं : 'मेन बंद सा. ७'. कुठेही तक्रार नाही, नुसती नोंद.

ती फाइल आणि कापलेला फिल्टर काकांनी टेबलावर ठेवला आणि चहा आणायला गेले. मालकांनी पानं उलटली. एकदा फिल्टरकडे बघितलं, एकदा मेन स्विचकडे. मी शीट पुसण्यात फार गुंतलेला असल्यासारखं दाखवत होतो. मला वाटतं काकांनी ते तोंडाने सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. कागदाशी कोण भांडणार?

नवीन फिल्टर मामेभावाने पुण्याहून भर पावसात मोटरसायकलवर आणला. बदलायला दहा मिनिटं लागली, बाकी साफसफाईला दीड दिवस. टाकीच्या तळाचा गाळ काढला, नळ्या फ्लशने धुतल्या, बाटल्या हलवून हलवून माझे दंड दुखले. फ्लश फक्त यूव्हीचाच वापरायचा, आणि सिरिंजने हेडमध्ये जोरात दाबायचा नाही, ही काकांची सूचना. चांगली हेडं लोक याच जोरात मारतात. शाई कातडीला लागू द्यायची नाही, अॅलर्जी एकदा धरली की सोडत नाही. आणि धुतलेलं पाणी ओढ्यात नाही, कॅनमध्ये भरून घातक कचऱ्यात. इथला ओढा मुठेला मिळतो, मुठा खडकवासल्यात, आणि खडकवासल्याचं पाणी पुण्याच्या नळांना. आपल्या हॉस्टेलच्या कुलरलाही तेच.

पुन्हा वजन केलं. पांढरी ९ ग्रॅम. रात्री साडेअकरापर्यंत प्लेटा छापल्या, शेवटची उजेडात धरली, एकही पट्टा नाही.

माल पंधराऐवजी सतराला गेला. दोन दिवसांच्या उशिराबद्दल पार्टीने थोडे पैसे कापले. नवीन हेड आलं नाही. काकांच्या पगाराचा विषय पुन्हा निघाला नाही, माफीचाही नाही. पण पुढच्या आठवड्यात शेडमध्ये एक इन्व्हर्टर आला, फक्त पांढऱ्याच्या पंपासाठी आणि व्हॅक्यूमसाठी. त्याची वायर मालकांनी स्वतः उभं राहून जोडून घेतली आणि स्विचवर चिकटवायला काकांकडे एक पट्टी छापून मागितली. काकांनी छापली, अॅक्रिलिकवर, मागे पांढरा थर देऊन : 'हा बंद करू नये.'