लवळ्याच्या टेकडीवरून

ताप उतरला, पण अंगातला शीण गेलेला नाही. वर्ग सुरू आहेत आणि मी वसतिगृहाच्या खोलीत पडून आहे. खिडकीतून लवळ्याचे डोंगर दिसतात, पावसानं हिरवेगार.

उशाशी माणदेशी महिला सहकारी बँकेची केस स्टडी आहे. म्हसवडच्या बायकांचा परवान्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेनं आधी नाकारला. अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग त्या बायका बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हांसोबत पुन्हा गेल्या. म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. ते तोंडी व्याज माझ्या मनातून जात नाही.

लवळं ज्या मुळशी तालुक्यात आहे, तिथेच १९२१ मध्ये सेनापती बापटांसोबत मावळे शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले होते. जमिनी पाण्याखाली गेल्या, वीज मुंबईला गेली. लोकांच्या भल्याचा हिशोब नेमका कुणी मांडायचा? म्हसवडला तो बायकांनी स्वतः मांडला. मुळशीच्या शेतकऱ्याला तशी संधी मिळालीच नाही.

पुढच्या आठवड्यात सामाजिक उद्योजकतेच्या प्रकल्पासाठी गावात पाहणीला जायचंय. प्रश्नावली तयार आहे. ती पिशवीतच ठेवावी, आधी नुसतं ओट्यावर बसून ऐकावं, असं फार वाटतंय. ऐकलेलं अहवालात कसं बसवायचं, ते मात्र अजून सुचलेलं नाही.