बंदुकांची खुर्ची

गेली वीस वर्षे मी वेल्डिंगचे काम करतो. खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी जिने, भंगारातले पाइप यांतच हात काळे झाले. म्हणून एका पुस्तकात खुर्चीचा फोटो पाहिला, तेव्हा नजर आधी जोडांवर गेली. मग कळले, ही खुर्ची तर बंदुकांची आहे!

आफ्रिकेतला मोझांबिक देश 1975 साली पोर्तुगालच्या राज्यातून सुटला आणि दोनच वर्षांत यादवी युद्धात सापडला. 1992 साली शांतता करार झाला, तोवर सुमारे दहा लाख माणसे गेली होती. करार झाला, पण बंदुका गावोगाव दडवलेल्याच होत्या. 1995 साली बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने तिथल्या चर्चच्या परिषदेने योजना काढली. हत्यार द्या, अवजार घ्या! बंदुकीच्या बदल्यात कुदळ, सायकल, शिलाई मशीन.

जमलेल्या बंदुका निकामी करून त्यांचे तुकडे कलावंतांना दिले. केस्टर नावाच्या कलावंताने 2001 साली ही खुर्ची घडवली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या पाठीवर बंदुकांचे दोन दस्ते आहेत. स्क्रूची भोके डोळ्यांसारखी, पट्ट्याची खाच हसऱ्या तोंडासारखी दिसते. केस्टर सांगतात, हे हसू मी कोरलेले नाही, ते आधीपासून तिथेच होते.

कारागिराला हे लगेच पटते. ढिगातून हाताला काय लागेल, हा योगायोग. पण कोणता तुकडा उचलायचा, हे माणसाने ठरवायचे असते.

त्या खुर्चीतली एकही बंदूक मोझांबिकमध्ये बनलेली नव्हती. बनवणारे दूरदेशीचे, मेले ते तिथले गरीब!

खरे सांगू? मला खुर्चीपेक्षा ते शिलाई मशीन मोठे वाटते. हत्यार खाली ठेवणाऱ्याच्या घरी उद्या चूल कशी पेटणार, याचा विचार त्यात आहे. पोटाची सोय न करता नुसते ‘शांत राहा’ म्हणणे सोपे असते.

2017 सालापासून त्याच देशाच्या उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात पुन्हा हिंसाचार सुरू झाला. म्हणजे शांतता एकदा जोडली की झाले, असे नाही. लोखंडाचा जोडही लक्ष दिले नाही तर गंजतो. तो वेळोवेळी घासून पुन्हा पक्का करावा लागतो, आणि ते काम प्रत्येक पिढीच्या वाट्याला येते.