लेस्टर यंग: मात्रेच्या किंचित मागे

१/ जॅझचा इतिहास बहुधा नावांच्या यादीसारखा सांगितला जातो. मला तो उमगू लागला दोन माणसांच्या फुंकरीतील फरकातून. वाद्य एकच, टेनर सॅक्सोफोन. वादक दोन, कोलमन हॉकिन्स आणि लेस्टर यंग.

२/ सॅक्सोफोन तसे तरुण वाद्य. बेल्जियन कारागीर ॲडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. जॅझमध्ये टेनरला भारदस्तपणा दिला तो हॉकिन्सने. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी मुद्रित झालेले त्याचे 'बॉडी अँड सोल' ऐका. मूळ चाल तो जेमतेम सुचवतो आणि मग प्रत्येक कॉर्डचा कोपरान् कोपरा धुंडाळतो. स्वर भरीव, कंपन दाट.

३/ यंगची रीत उलटी. कॉर्डच्या पायऱ्या चढत-उतरत बसण्याऐवजी तो एकच लांब, सलग ओळ ओढतो. नाद हलका, कंपन अगदी कमी. ऐकताना मी बोटाने ठेका धरतो. बोट आधी टेकते, त्याचा स्वर क्षणभर मागून येतो. तरीही लय ढळत नाही. त्या तसूभर अंतरात त्याची सारी ऐट सामावली आहे. गाण्याचे शब्द वादकाला ठाऊक असावेत, असाही त्याचा आग्रह असे.

४/ ही ऐट त्याला महागात पडली. १९३४ मध्ये हॉकिन्स युरोपला गेला आणि फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात त्याच्या जागी यंग आला. सहवादकांना हवा होता दुसरा हॉकिन्स. हेंडरसनची पत्नी त्याला हॉकिन्सच्या तबकड्या ऐकवी. यंग बदलला नाही. काही महिन्यांतच तो तेथून बाहेर पडला.

५/ १९३६ मध्ये काउंट बेसीच्या साथीदारांबरोबर त्याचे पहिले ध्वनिमुद्रण झाले आणि तीच 'चुकीची' शैली तरुण वादक गिरवू लागले. गायिका बिली हॉलिडेने त्याला 'प्रेझ' म्हटले, त्याने तिला 'लेडी डे'.

६/ १९४४ मध्ये त्याची सक्तीने सैन्यात भरती झाली. पुढच्याच वर्षी अमली पदार्थ बाळगल्यावरून कोर्टमार्शल आणि लष्करी तुरुंग. सुटल्यावर त्याने एका रचनेला नाव दिले 'डी. बी. ब्लूज'. डी. बी. म्हणजे डिटेन्शन बॅरॅक्स.

७/ ८ डिसेंबर १९५७, 'द साउंड ऑफ जॅझ' हा दूरचित्रवाणी कार्यक्रम. हॉलिडे गाते आहे. वादकांत हॉकिन्सही आहे. प्रकृतीने खचलेला यंग ब्लूजचे एकच आवर्तन वाजवतो, चार-चार मात्रांचे बारा खंड. स्वर मोजके, मधली शांतता मोठी. मला वाटते, तेवीस वर्षांपूर्वी त्याने जे सोडायला नकार दिला होता, तेच त्या मोजक्या स्वरांत ऐकू येते.

८/ १९५९ च्या मार्चमध्ये यंग गेला, जुलैत हॉलिडे. ही चित्रफीत आज उपलब्ध आहे. आधी 'बॉडी अँड सोल' ऐका, मग ती पाहा. बोटाने ठेका धरा आणि स्वर नेमका केव्हा येतो, तिकडे कान द्या.