पहिल्यांदाच आलेल्यांनी उभं राहावं

येशू ख्रिस्ताचा आणि माझा परिचय बी.कॉम.ला असताना झाला, तोही एका कायद्याच्या मध्यस्थीनं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१. त्याच्या पंचविसाव्या कलमात सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय ते सांगितलंय आणि मूळ कायद्यात इंग्रजांनी रविवारच्या पंगतीला नाताळ आणि गुड फ्रायडे यांना मानानं बसवलं होतं. कलम पंचवीस, तारीखही पंचवीस! तेव्हापासून नाताळ म्हणजे शटर खाली, यापलीकडे माझं ज्ञान गेलं नाही.

ते गेलं करंजाड्यात राहायला आल्यावर. आमच्या इमारतीत कुणी साताऱ्याचं, कुणी जळगावचं, कुणी देवगडचं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर आहेत, ते नगरचे. (सरकारदरबारी अहिल्यानगर झालं, पण मास्तर अजून नगरचेच.) घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध.

तर डिसेंबर लागला, की हे मास्तर लिफ्टमध्ये खोकायला लागतात. तळमजला ते तिसरा मजला नुसता खोकला. मग हळूच, ‘‘पंचवीसला मोकळे आहात का? म्हणजे देवळात साडेनऊला उपासना असते. आलंच पाहिजे असं नाही हं. नंतर करंज्या आहेत.’’

आता गणपतीला आपण बोलावतो कसं? जिन्यातूनच ओरडतो, ‘‘मास्तर, आरतीला या!’’ मास्तर येतात, झांज वाजवतात, मोदक खातात. त्यांचं कुणी काही करील अशी शंका त्यांनाही येत नाही आणि आम्हालाही नाही. पण त्यांनी आपल्याला बोलवायचं म्हटलं, की आधी खोकावं लागतं. ‘हा माणूस आपल्याला बाटवायला तर नेत नाही?’ हा प्रश्न समोरच्याच्या डोळ्यांत उमटायच्या आत त्यांना करंज्या पुढं कराव्या लागतात.

आमच्या घरी हा प्रश्न आईनं उघडच विचारला. ‘‘तिथं नाव-बिव बदलत नाहीत ना रे?’’ यात तिचा दोष नाही. तिनं ‘स्मृतिचित्रे’ तीनदा वाचलंय. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचं काय झालं, हे तिला स्वतःच्या नणंदेच्या संसारापेक्षा जास्त ठाऊक. पुढं १९०० साली लक्ष्मीबाईही त्याच वाटेनं गेल्या, हे तर तिला फारच ठाऊक. गंमत अशी, की हीच आई सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला जाऊन मेणाचा पाय वाहून आली होती. गुडघ्यासाठी. तिथं बोलावणं नसतं, नाव विचारत नाहीत, त्यामुळे भीतीही नसते. बोलावलं की माणूस बिचकतो.

तरी गेलो. दारातच मास्तर उभे, कडक इस्त्रीचा सदरा. ‘‘सलाम, या. रिक्षा मिळाली ना?’’ बस, एवढंच. नाव नाही, गाव नाही. चपला काढायच्या नाहीत, हे आईनं वाकायच्या आत सांगितलं. शेवटून दुसऱ्या बाकावर बसवलं, पंख्याखाली आणि दाराजवळ, म्हणजे कंटाळा आला तर सटकता यावं. शेजारी एक पोक्त बाई नेमून दिल्या. त्यांचं काम एकच. गाण्याचं पान काढून त्यावर बोट ठेवायचं. आणि जाता जाता मास्तर कानात म्हणाले, ‘‘पिशवी फिरेल, ती नुसती पुढं द्या. आणि भाकर-द्राक्षरस येईल तेव्हा निवांत बसून राहा, कुणी बघत नाही.’’ मी खिशात एक्कावन्न रुपये मोजून ठेवले होते. ते तसेच परत आले. आयुष्यात एवढा स्वस्त समारंभ मी पाहिला नाही.

मग पेटी सुरू झाली, तबला आला. पुस्तकाचं नाव ‘उपासना संगीत’, आणि गाणं त्याच टिळकांचं. परक्या चालींच्या शेजारी त्यांनी अभंग आणून ठेवला, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आईनं दोन ओळी ऐकल्या आणि तिसरीला टाळ्या धरल्या. म्हणजे ज्यांच्यामुळे ती यायला घाबरत होती, त्यांनीच तिला बसायला पाट दिला.

या दारावरच्या व्यवस्थेवरून देवळात मतभेद आहेत, असं कळलं. तरुण मंडळींचं म्हणणं, पाहुण्यांना छातीवर लावायला फूल द्यावं, फॉर्मवर मोबाइल नंबर घ्यावा आणि पाळकांनी पुकारावं, ‘‘पहिल्यांदाच आलेल्यांनी कृपया उभं राहावं!’’ मग टाळ्या. मास्तरांचा याला सक्त विरोध. ‘‘अहो, माणूस देवाकडं आलाय,’’ ते मला म्हणाले, ‘‘तुमच्याकडं केवायसी करायला नाही.’’

मास्तरीणबाई गेल्या, त्या वर्षीचा नाताळ मास्तरांनी मुलाकडं काढला, दुसऱ्या शहरात. मोठं चर्च होतं. दारात हसून फॉर्म दिला, नंतर उभं केलं, टाळ्या झाल्या. चाळीस वर्षं गायनमंडळात उभा राहिलेला माणूस तिथं नवखा म्हणून उभा राहिला. त्यानंतर दीड तास कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त एकानं येऊन शेजारची जागा रिकामी आहे का, ते विचारलं. मास्तर ‘हो’ म्हणाले. हे सांगताना ते मध्येच थांबले आणि काही कारण नसताना मला मुदत ठेवीचा व्याजदर विचारला. मी ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का जास्तीचाही धरून सांगितला.

नगरला असताना ते दारात कधी उभे राहिले नव्हते. इथं आल्यावर राहू लागले.

ईस्टरला मात्र मला जमलं नाही. २०२४ साली तो नेमका ३१ मार्चला आला, रविवारी, आणि सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका रिझर्व्ह बँकेनं त्या दिवशी उघड्या ठेवल्या. तिकडं पहाटे कबर रिकामी सापडली, इकडं रात्रीपर्यंत आमचा ताळा सापडेना.

२०२५च्या नाताळाला तर आमच्या शेजारच्या नव्या विमानतळावर पहिलं प्रवासी विमान उतरलं. पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी वगैरे. देवळाच्या दारात पोरं मोबाइलवर तेच बघत होती. ‘‘मास्तर, असं पाहिजे स्वागत!’’ मास्तरांनी चष्मा वर करून पाहिलं. ‘‘छान आहे,’’ म्हणाले, ‘‘पण आपल्या पाहुण्यांनी इस्त्रीचे कपडे घातलेत.’’

परवा लिफ्टमध्ये मी, आई आणि मास्तर. नाताळाला अजून कितीतरी महिने आहेत. पहिल्या मजल्यावर मास्तर खोकले. दुसऱ्यावर पुन्हा खोकले. रुमाल काढला, नाक लाल झालेलं, डोळे पाणावलेले. म्हणजे साधी सर्दी होती. पण आईनं त्यांना बोलूच दिलं नाही.

‘‘येतो हो मास्तर,’’ ती म्हणाली. ‘‘साडेनऊलाच ना?’’