स्निग्ध पदार्थ आणि आमचें ताट

स्निग्ध पदार्थ प्रकृतीस खरोखरच अपायकारक आहेत काय, हा प्रश्न आतां वैद्यांच्या दवाखान्यांतून निघून आमच्या माजघरांत येऊन बसला आहे. लातुरास आमचे धाकटे बंधु असतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून त्यांच्या वरणभातावरचें तूप अजिबात बंद झालें, आणि घरांत दोन पक्ष पडले. सूनबाई करडईच्या तेलाच्या पक्षाच्या, भावजय तुपाच्या. निवाडा आमच्याकडे आला.

करडईशीं आमचें वैर असण्याचें कारण नाहीं. नांदेड-लातूरकडे रब्बीच्या ज्वारींत तिचे तास असत. कांटेरी पीक, त्यामुळें जनावरें शेतांत शिरत नसत, आणि घाण्यावरचें तेल घरीं येई. (कोवळ्या पानांची भाजी होई, ती वेगळीच!) तिच्या तेलांत लिनोलेइक आम्ल सुमारें तीन चतुर्थांश असतें व त्यानें रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरतें, हें खरें. पण कोलेस्टेरॉल उतरलें म्हणजे माणूस वांचलाच काय?

ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें १९६६ ते १९७३ या काळांत नेमक्या याच तेलाचा प्रयोग झाला. हृदयविकारांतून उठलेले ४५८ पुरुष घेतले. त्यांपैकीं २२१ जणांस प्राणिज चरबीऐवजीं करडईचें तेल व त्याचेंच मार्गारिन दिलें. त्या नोंदी पुनः तपासून २०१३ सालीं प्रसिद्ध झाल्या, तेव्हां असें दिसलें कीं, कोलेस्टेरॉल उतरूनही तेल घेणाऱ्यांत शेंकडा १७.६ मृत्यु पावले, इतरांत ११.८. भावजयींस हें सांगतांच त्यांचा चेहरा खुलला.

तथापि एका लहान प्रयोगानें करडई विष ठरत नाहीं. त्या मार्गारिनमध्यें ट्रान्स-चरबी असण्याचा संभव आहे. आणि तुपालोण्याच्या जागीं वनस्पतिज तेलें दिल्यानें हृदयविकार कमी झाल्याचें दुसऱ्या कित्येक प्रयोगांत आढळलें आहे. सबब डॉक्टरांस न विचारतां तूप पुनः सुरू करूं नये, असें आम्ही भावजयींस स्पष्ट बजावलें.

ज्या चरबीविषयीं तज्ज्ञांत वाद उरलेला नाहीं, ती निराळीच. तेलांत हायड्रोजन सोडून तें घट्ट करण्याची विद्या निघाली आणि १९३७ सालीं डालडा आपल्या बाजारांत आला. अर्धवट घट्ट केलेल्या तेलांत ट्रान्स-चरबी उपजते. भारत सरकारनें तिची मर्यादा उतरवीत उतरवीत २०२२ च्या जानेवारीपासून शेंकडा २ वर आणली. आमच्या बंधूंचें तूप गेलें, परंतु चहाबरोबरची बेकरींतली खारी मात्र बिनघोर चालू होती! तीत कोणती चरबी आहे, हें विचारण्याचें कोणाच्याही मनांत आलें नव्हतें. ती आम्ही त्याच दिवशीं बंद करविली.

राहतां राहिला मात्रेचा प्रश्न. चरकानें चार स्नेहांत घृतास श्रेष्ठ म्हटलें खरें, पण मात्रा ज्याच्या त्याच्या अग्नीवर सोंपविली. तूप असो कीं तेल, एका ग्रॅमांत ९ कॅलरी. भाताच्या पिष्टांत ४. शेतावर चालत जाणाऱ्या आजोबांचें तूप दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या नातवास कसें पचावें? नांदेडास आमच्या घरीं हल्लीं महिन्याचें तेल आरंभींच मापून वेगळ्या बरणींत काढतात. पंधरवड्यानंतर भज्यांचा विषय निघाला कीं सर्वांचे डोळे त्या बरणीकडे वळतात.