पंधरवड्याचे तास

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर वर्षानुवर्षं दुधाचा हिशेब असायचा. दूध घेतलं नाही त्या दिवशी फुली, पाहुणे आले तर ‘२ लि.’, नवा सिलिंडर लावला त्या तारखेभोवती गोल. २०२५च्या फेब्रुवारीत लेक मेलबर्नला शिकायला गेली आणि त्याच चौकटींत मी तिचे कामाचे तास लिहू लागले. पेन्सिलीने, बारीक अक्षरात. ५, ६, सुट्टी, ७, आणि आठवडा संपला की त्याची बेरीज. मे महिन्यात ती कामावरून खोलीवर पोचून फोन करायची तेव्हा तिकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असायचे आणि इकडे कराडात सात. देवापाशी दिवा लावून मी फोन घ्यायची. “आई, लिही. आज सहा.”

तेहेतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. तास म्हटलं की मला घंटा आठवते. तास घेणं, तास बुडवणं, ऑफ तासाला मैदानावर पळणारी पोरं. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी तास म्हणजे फक्त कामाचा तास, हे मला लेकीमुळे कळलं. “तुझे किती झाले?” असं ती एकमेकांना विचारतात, आणि ते लेक्चरबद्दल नसतं.

नियम वाचायला सोपा आहे. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसावर ८१०५ क्रमांकाची अट असते. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी काम करायचं नाही. सुरू झाल्यावर पंधरवड्याला जास्तीत जास्त ४८ तास. सत्राच्या सुट्टीत मर्यादा नाही. पण आपला पंधरवडा वद्य-शुद्ध पक्षाचा, तिकडचा बरोबर चौदा दिवसांचा. तो सोमवारी सुरू होतो, आणि दर सोमवारी नवा सुरू होतो. म्हणजे पहिला-दुसरा आठवडा हा एक पंधरवडा, आणि दुसरा-तिसरा हासुद्धा एक. प्रत्येक आठवडा दोनदा मोजला जातो. लेकीने जोड्या लावल्या होत्या: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा. ५ मेपासूनचे तिचे आठवडे होते १८, ३०, २४ आणि २० तासांचे. तिच्या हिशेबाने ४८ आणि ४४, सगळं बिनचूक. पण मधले ३० आणि २४ मिळून ५४ होतात.

तिसऱ्या आठवड्यात तिने मला विचारलं होतं, “माणूस कमी आहे म्हणून मालक बोलावतोय, जाऊ का?” मी म्हणाले, “जा, भाड्याला होतील.” तोवरचे सगळे आकडे माझ्याच हाताने लिहिलेले माझ्यासमोर भिंतीवर होते. शेजारशेजारच्या दोन आकड्यांची बेरीज मी केली नाही.

हे मनाला लागून राहिलं आहे, कारण माझा जन्मच शिकताना काम करण्याचं मोल जाणणाऱ्या घरातला. माझे वडील साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून, ‘कमवा आणि शिका’ म्हणत शिकले. सकाळी शेतात माती ओढायची, मग आंघोळ करून वर्गात बसायचं. त्यांच्या हातावरचे घट्टे आम्ही अभिमानाने बघायचो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी काम आणि शिक्षण एकाच अंगणात आणलं होतं. काम देणारे आणि शिकवणारे एकच होते, त्यामुळे मुलगा थकला तर ते त्यांना दिसायचं. लेकीला पाठवताना माझ्या डोळ्यांपुढे तेच चित्र होतं. मेलबर्नला मात्र भांडी घासायला लावणारा एक आणि प्रबंधिका तपासणारा दुसरा, आणि त्या दोघांची आयुष्यात कधी गाठ पडत नाही.

तासांवर मर्यादा असावी, असं मला आजही वाटतं. शिकायला गेलेल्या मुलीला शिकायला वेळ उरला पाहिजे. पण ती मर्यादा खरंच अभ्यासाच्या काळजीने ठरते का? आधी ती पंधरवड्याला ४० तासांची होती. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, तिथल्या पंतप्रधानांनी पोट भरता न येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना आपापल्या घरी जायला सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये दुकानांना, हॉटेलांना माणसं मिळेनात, तेव्हा त्याच विद्यार्थ्यांना परत या म्हणून व्हिसाचं शुल्क माघारी देऊ केलं आणि तासांची मर्यादा उठवली. १ जुलै २०२३ पासून ती ४८ वर परत बसली. कॅनडातही २० तासांची साप्ताहिक मर्यादा नोव्हेंबर २०२२ मध्ये उठली, एप्रिल २०२४ अखेर परत आली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात २४ झाली. त्या मधल्या काळात मुलांचा अभ्यास काही सोपा झाला नव्हता.

आणि आपल्याकडे काय सांगतात? “पार्टटाइममध्ये खर्च सुटतो.” हे वाक्य आम्हाला एजंटाने सांगितलं, ओळखीच्यांनी सांगितलं, आणि मी ते पुढे दोघींना सांगितलं. व्हिसा देणाऱ्यांचं म्हणणं नेमकं उलटं असतं: वर्षभराच्या राहण्याखाण्याचे २९,७१० डॉलर आधी दाखवा, कामावर विसंबू नका. आम्ही कर्ज मंजुरीचं पत्र दाखवलं. कागदावर पैसे होते. पण कर्जाचं व्याज पहिल्या महिन्यापासून चढतं, आणि ते मुलीला पाठ असतं.

मे संपताना तिने पगाराची पावती मागितली. तिला तासाला १५ डॉलर मिळत होते, रोख, मोजून हातावर. तेव्हा कायद्याने किमान वेतन होतं २४.१० डॉलर, आणि तिच्यासारख्या कॅज्युअल कामगाराला त्यावर पंचवीस टक्के जास्त, म्हणजे तीसच्या वर. मालक आपल्याच देशातला. दिवाळीला मिठाई वाटणारा माणूस, असं बाकीची पोरं म्हणायची. तो शांतपणे म्हणाला, “तुझे तास जास्त भरलेत. तक्रार केलीस तर व्हिसा कुणाचा जाईल?”

त्या रात्री ती फोनवर रडली नाही. फक्त म्हणाली, “आई, आजचं लिहू नकोस.”

अट विद्यार्थ्याच्या नावावर लिहिलेली असते. जास्तीचा तास तिने केला, आणि करवून घेणारा तोच तास हत्यार म्हणून तिच्यावर उगारतो. तिथल्या सरकारलाही हे उशिरा का होईना दिसलं. जुलै २०२४ पासून व्हिसाचा धाक घालून राबवून घेणं हा मालकाचा गुन्हा आहे, आणि शोषणाची तक्रार करणाऱ्याचा व्हिसा कामाची अट मोडली म्हणून रद्द होऊ नये, अशीही काही अटींवर सोय आहे. हे लेकीला तिच्या विद्यापीठातल्या मोफत कायदा सल्ल्याच्या खिडकीवर कळलं. तिथल्या बाईंनी विचारलं, “तासांची काही नोंद आहे का? तुझ्या हाताची, कुणाचीही चालेल.” रोखीच्या कामाला पावती नाही, हजेरीपट नाही.

“आहे,” लेक म्हणाली. “कराडला, भिंतीवर.”

मी मे महिन्याचं पान उतरवून टेबलावर ठेवलं. इथेतिथे दुधाच्या फुल्या, १४ तारखेला सिलिंडरचा गोल, आणि त्यांच्या मधून तिचे आकडे. ते पान तिच्या बाजूने बोलत होतं, किती राबली आणि किती पैसे बुडाले ते सांगत होतं. आणि ३० व २४ हेही तिथेच शेजारी शेजारी होते. पेन्सिलीने लिहिलेले. खोडरबर शिवणाच्या डब्यात होतं. मी डबा उघडला, खोटं कशाला सांगू. एका बाजूला २४ चे १८ केले की झालं.

लेकीला फोन लावला. तिकडे दुपार होती. विचारलं तर म्हणाली, “नको आई. जसं आहे तसंच पाठव. ते तास मी केलेत.”

मी खिडकीचा पडदा सारला, पानाच्या कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या म्हणजे ते गुंडाळायला नको, आणि फोटो काढला. पहिला हलला. दुसऱ्यात सगळे आकडे नीट वाचता येत होते. तो पाठवला.