जुन्या बुलेटची झळाळी : नॉलेज सिटी ते मनीमाजरा

आजोबांची मोटारसायकल पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. इंजिन चालू होतं, पण त्याची कव्हरं राखाडी, डागाळलेली दिसतात. ती पुन्हा चमकतील का? नक्की चमकतील. पण किती चमकवायची आणि कुठे थांबायचं, हे कळण्यासाठी चंदीगडची ही दोन टोकं पाहायला हवीत.

चंदीगडच्या विमानतळावर उतरलात की तुम्ही खरं तर मोहालीत असता. धावपट्टी चंदीगडच्या हद्दीत, तर प्रवाशांची इमारत पंजाब राज्यातल्या मोहालीच्या बाजूला. मोहालीचं कागदोपत्री नाव साहिबजादा अजितसिंग नगर. याच बाजूला सेक्टर ८१ मध्ये नॉलेज सिटी वसली आहे. नाव ऐकून दिव्यांच्या झगमगाटाची कल्पना केलीत तर फसाल! इथे आहेत रुंद रस्ते, लांबच लांब कुंपणं आणि त्यामागे एकेक संस्था. २००७ साली स्थापन झालेली विज्ञान शिक्षणाची आयसर, शेती आणि अन्नाच्या जैवतंत्रज्ञानाची नाबी, व्यवस्थापन शिकवणारी इंडियन स्कूल ऑफ बिझनेस आणि नॅनो विज्ञानाची राष्ट्रीय संस्था. पर्यटकांनी तिकीट काढून पाहावं असं हे ठिकाण नव्हे. पण मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाचा, म्हणजे नॅनोमीटरचा अभ्यास जिथे चालतो, त्या आवाराबाहेर उभं राहून आपल्या जुन्या गाडीचा विचार करायला हरकत नाही. कारण गाडीची चमक जाते आणि येते ती याच मापात.

आणि गाडीचा विचार चंदीगडमध्ये मनात आल्याशिवाय राहत नाही. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं, पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून हे शहर कोऱ्या कागदावर आखलं गेलं. आराखडा ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाचा. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते शहराचं उद्घाटन झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, मद्रासला एनफील्ड बुलेटची जुळणी सुरू झाली. म्हणजे शहर आणि बुलेट दोघंही जवळपास एकाच वयाचे! ब्रिटनमधला मूळ कारखाना १९७० च्या सुमारास बंद पडला, पण मद्रासची बुलेट निघतच राहिली. पंजाबात तर तिला घरच्या माणसाचा मान. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली आणि नातवाने हट्टाने ठेवून घेतलेली बुलेट जशी इथल्या घरांत सापडते, तशीच ती कोल्हापूर, सांगली, नाशिककडच्या घरांतही सापडते.

मळ नव्हे, कवच

जुन्या बुलेटच्या इंजिनाची बाजूची कव्हरं, गिअरबॉक्सचं झाकण, पुढच्या चाकातली ब्रेकप्लेट हे सगळे भाग ॲल्युमिनियमचे. येझदी आणि राजदूतच्या इंजिनाची कव्हरंही त्याच धातूची. लोखंड गंजलं की त्याचे पापुद्रे सुटतात आणि गंज आत आत खात जातो. ॲल्युमिनियमचं तसं नाही. उघड्या ॲल्युमिनियमला हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा एक पातळ थर बसतो आणि तोच पुढे आतल्या धातूचं रक्षण करतो. हा थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड, यावरून अंदाज करा! माणिक आणि नीलम ही रत्नंही मुळात याच ऑक्साइडची, म्हणून हा थर चिवट आणि कठीण असतो.

मग गाडी निस्तेज का दिसते? पावसाचं पाणी, रस्त्यावरचा चिखल, तेलाचा ओशटपणा आणि समुद्रकाठच्या गावांत खारा वारा, हे सगळं वर्षानुवर्षं त्या कवचावर मारा करत असतं. मीठ आणि ओल एकत्र आली की कवच जागोजागी फुटतं, पांढरी भुकटी धरते आणि धातूला बारीक खड्डे पडतात. आरशासारखा सपाट पृष्ठभाग खडबडीत झाला की प्रकाश सरळ परत न येता विखुरतो. डोळ्यांना राखाडी दिसतं ते हेच. रत्नागिरी किंवा अलिबागची गाडी चंदीगडच्या गाडीपेक्षा लवकर पांढरी पडते, त्याचंही कारण हेच.

गृहिणींना यात नवीन काही नाही. कुकरमध्ये अंडी किंवा बटाटे उकडताना तळाच्या पाण्यात चिंचेचं बुटुक किंवा लिंबाची साल का टाकतात? नुसत्या जड पाण्याने कुकर आतून काळा पडतो आणि आंबटपणाने तो काळेपणा टळतो, म्हणून. मात्र धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला चालत नाही आणि कॉस्टिक सोडा तर धातूच खाऊन टाकतो. मोरीची नळी साफ करायची पूड इंजिनाला लावणं म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर! चिंच मात्र डाग फिका करते, पण खड्डे आणि चरे ती भरू शकत नाही. अमृतसरजवळच्या जंडियाला गुरूचे ठठेरे पितळ-तांब्याची भांडी चिंच आणि वाळूने उजळतात. त्यांची ही कला युनेस्कोने २०१४ मध्ये मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतली. पुण्याच्या तांबट आळीला त्याचं नवल वाटणार नाही. पण तांब्या-पितळेची रीत जशीच्या तशी ॲल्युमिनियमला लावून भागत नाही.

मनीमाजऱ्याच्या बाजारात

नॉलेज सिटी नैर्ऋत्येला, तर मनीमाजरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, ईशान्येकडे. चंदीगड जन्मायच्या कितीतरी आधीपासूनचं हे गाव, त्याचा जुना किल्ला आहे. आता सरकारदरबारी ते सेक्टर १३ झालं आहे. सरळ रेषांच्या शहरातून इथे आलं की एकदम गजबजाट सुरू होतो आणि इथला मोटार बाजार तर सगळ्या परिसराला ठाऊक. पुणेकरांनी नाना पेठ डोळ्यांपुढे आणावी.

बफिंगचं काम अशा बाजारांत सगळीकडे एकाच रीतीने चालतं. मोटरच्या दोन्ही टोकांना कापडी चाकं बसवलेली असतात. चाकाला बफिंगच्या साबणाची वडी टेकवायची आणि मग गरगर फिरणाऱ्या चाकावर कव्हर धरायचं. काही मिनिटांत राखाडी धातूतून पाहणाऱ्याचा चेहरा दिसू लागतो. पाहताना जादू वाटते. पण खरं कौशल्य कव्हर दाबून धरण्यात नाही, ते योग्य वेळी उचलण्यात आहे. हात जरा जास्त रेंगाळला की कोपरे गोल होतात, उठावाची अक्षरं पुसट होतात आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा ओघळल्यासारख्या दिसतात. अशी गाडी लांबून छान दिसते, जवळून मात्र झिजलेल्या साबणासारखी.

फडकं काळं का होतं?

घरी पॉलिश लावून घासलं की फडकं काळंकुट्ट होतं आणि आपण खूश होतो, किती मळ निघाला म्हणून! पण स्वच्छ ॲल्युमिनियम घासलं तरी फडकं काळंच होतं. ॲल्युमिनियमची नवी कढई घासताना हात काळे होतात, तसंच. तो काळेपणा म्हणजे अतिबारीक होऊन सुटलेला धातू. म्हणजे चकाकी वरून लावली जात नाही. खडबडीत थर काढून खालचा सपाट धातू उघडा केला जातो. दर वेळी गाडी थोडी झिजते आणि झिजलेलं परत येत नाही.

हे का महत्त्वाचं? कारण बहुतेक जुन्या मोटारसायकलींचा इंजिन नंबर ॲल्युमिनियमच्या क्रँककेसवरच ठोकलेला असतो. हौशीने मारलेल्या बफमध्ये तो पुसट झाला, तर आर. सी. बुकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर ताडून पाहणार कसा? नोंदणीचं नूतनीकरण असो वा मालकी वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर करणं असो, तिथे अडचण उभी राहते. खाडाखोड केलेला नंबर तर चोरीच्या गाडीचा संशय निर्माण करतो.

दुसरंही एक कारण आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि इंजिन, चासी वा बॉडीत मोठे फेरफार न केलेली दुचाकी त्यात व्ही. ए. या अक्षरांच्या खास क्रमांकाने नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या बाजारहाटाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणं, अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. १९७० च्या आसपासच्या बुलेट आता या वयात आल्या आहेत. त्यांचं मूळ रूप हीच त्यांची खरी दौलत.

घरी करायचं तर

सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी हे काम जमण्यासारखं आहे. क्रम मात्र पाळायला हवा.

पहिली परीक्षा लोहचुंबकाची. चुंबक चिकटला तर तो भाग लोखंडी, बहुधा क्रोमचा मुलामा असलेला. त्याला घासपेपर लावायचा नाही, मुलामा निघून जाईल. जुन्या बुलेटचा सिलिंडरही बिडाचाच असतो. चुंबक चिकटला नाही तर पुढे चला.

इंजिन नंबरावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. नंतर तेलकटपणा रॉकेलने किंवा डिझेलने काढा आणि भाग साबणाच्या पाण्याने धुवा. पेट्रोल वापरू नका, त्याच्या वाफा झटकन पेट घेतात. कव्हर काढणार असाल तर आधी ऑइल काढून घ्या आणि बसवताना नवीन पॅकिंग टाका. ज्या कडेवर पॅकिंग बसतं ती कड मात्र अजिबात घासू नका, नाहीतर ऑइल गळू लागेल. गाडीवरच काम करणार असाल तर घासलेली भुकटी इंजिनात किंवा ब्रेकमध्ये जाणार नाही हे पाहा.

काही कव्हरांवर कारखान्यातच पारदर्शक लॅकरचा थर दिलेला असतो. तो पिवळा पडून त्याखाली किड्याच्या वाटेसारख्या रेषा उमटतात. असा थर पेंट रिमूव्हरने काढल्याशिवाय पॉलिश धातूपर्यंत पोचतच नाही.

आता चकाकी. आधी नुसतं धातूचं पॉलिश एका कोपऱ्यावर लावून पाहा. तेवढ्याने भागत असेल तर उत्तम, वॉटर पेपर काढूच नका. चरे आणि खड्डे खोल असतील तरच पाण्यात भिजवलेला ४०० नंबरचा पेपर घ्या. मग क्रमाने ६००, १०००, १५०० आणि २००० नंबर. प्रत्येक पेपर आधीच्या दिशेला आडवा फिरवा. आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नका. घाई केलीत तर शेवटच्या चकाकीत त्या रेघा हटकून दिसतील. त्यानंतर मऊ सुती कापडाने पॉलिश आणि शेवटी मेणाचा पातळ हात. लोखंडी तारेचा काथ्या वापरू नका. त्याचे कण धातूत रुततात आणि पुढे गंजतात. ओबडधोबड ओतीव भाग, जे कारखान्यातूनच खरखरीत आले आहेत, ते तसेच राहू द्या.

बफिंगचं यंत्र वापरणाऱ्याने चष्मा आणि मास्क लावावा. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी चाकाजवळ नको. ॲल्युमिनियमची कोरडी भुकटी पेट घेऊ शकते, म्हणून तिचा ढीग साचू देऊ नका आणि शेजारी लोखंड घासून ठिणग्या उडवू नका. मुलांना या कामात घ्यायचं असेल तर फडकं आणि मेण त्यांच्या हाती द्या. पुढे ओल्या कपड्याने पुसून कोरडं करणं आणि पावसाळ्याआधी व नंतर मेणाचा हात देणं, एवढ्याने वर्षं निघतात.

भंगार की वारसा?

आता थांबायचं कुठे, हा प्रश्न उरतो. चंदीगडला त्याचं उत्तर महागात पडलं आहे. शहर बांधताना पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी सागवानी खुर्च्या-टेबलं बनली. पुढे ती जुनी झाली, मोडली, गच्चीवर ढिगाने पडली आणि भंगाराच्या भावाने विकली गेली. मग कळलं की परदेशातल्या लिलावांत त्याच खुर्च्यांना लाखो रुपये मिळत आहेत. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वारसा वस्तूंच्या विक्रीला मनाई केली, तोवर कितीतरी खुर्च्या गेल्या होत्या. त्याच शहरात नेकचंद नावाच्या रस्ते तपासनीसाने फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि टाकाऊ सामानातून रॉक गार्डन उभं केलं. १९७६ साली ते लोकांसाठी खुलं झालं. एकाच गावात टाकून देणंही दिसतं आणि उचलून जपणंही.

आजोबांच्या गाडीच्या कव्हरावर पायाच्या घासण्याने गुळगुळीत झालेली एक जागा असते, कधीतरी पडल्याची एक खोक असते. ती खोक नाहीशी करायची तर आजूबाजूचा धातूही तितकाच खोल काढावा लागतो. पांढरी भुकटी, ओशट डाग, पिवळं लॅकर जरूर काढा, कारण ते धातूला खातात किंवा त्याचं नुकसान लपवतात. पण खोक कुणाचं नुकसान करत नाही. नातवाला ती दाखवून, ही खंबाटकी घाटातली हं, असं सांगता आलं तर आरशासारख्या कव्हरापेक्षा ते जास्त मोलाचं आहे.

निघण्यापूर्वी

* मडगाव-चंदीगड गोवा संपर्क क्रांती एक्सप्रेस कोकणातून जाते. मुंबई आणि पुण्याहून विमानानेही जाता येतं.
* स्वतःची मोटारसायकल रेल्वेने पाठवायची असेल तर टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं आणि आर. सी. ची प्रत व ओळखपत्र लागतं. कव्हरांवर गोणपाटाखाली मऊ कापड बांधा. नाहीतर नुकतीच आणलेली चकाकी प्रवासातच जाईल.
* मनालीमार्गे लेहला जाणारे अनेक मोटारसायकलस्वार चंदीगडहूनच सुरुवात करतात. मनाली तीनशे किलोमीटरच्या आसपास.
* सेक्टर १ मधला कॅपिटॉल कॉम्प्लेक्स २०१६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तो पाहायला ओळखपत्र सोबत ठेवा.
* हवा सुखद असते ती ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये. डिसेंबर-जानेवारीत धुकं दाट पडतं, दुचाकीवाल्यांनी पहाटेचा प्रवास टाळावा.